शंभर टक्के निकाल

बाई : बसा हो, उभ्या का? आणि तू गं बाळ, अशी दाराशी काय? ये, आईजवळ बस.

आई : अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय, बाई. हिनं काही आगळीक केली का?

बाई : छे, छे! गुणाची पोर आहे. इंग्रजीचा रोजचा सराव एकदा चुकवला नाही हिनं. उतारा, निबंध, पत्र, जे सांगू ते लिहिते. कष्टात कसूर नाही.

आई : घरीही तेच हो. मी कारखान्यातून शिलाई संपवून येते, तर ही भांडी घासतानासुद्धा पुटपुटत असते. मला वाटलं, शाबासकी द्यायलाच बोलावलंय.

बाई : शाबासकी आहेच. पण मायेपोटी एक सांगते, राग मानू नका. यंदा हिला परीक्षेला बसवू नका.

आई : म्हणजे?

बाई : वर्षभर थांबू दे. पुढच्या खेपेला बाहेरून बसेल. हा अर्ज बघा, पालक स्वखुशीनं मुलीचं नाव मागे घेतायत, असा. खाली सही केलीत की झालं.

मुलगी : आई, मला बसायचंय परीक्षेला.

बाई : मोठी माणसं बोलतायत ना, बाळ?

आई : बाई, एक वर्ष घरी बसली तर संपलंच की हो सगळं. हिचे काका टपूनच आहेत. पोरीला किती शिकवायचं, म्हणतात, बसव तुझ्या शेजारच्या मशीनवर. आणि हिला नर्स व्हायचंय.

बाई : होईल की! पण नापासाचा शिक्का एकदा कपाळी बसला की पुसता पुसत नाही. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. थांबा हं, मुख्याध्यापकांचा फोन दिसतोय.

(बाई फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलतात, मध्येच हसतात, फोन ठेवतात.)

आई : सर काही म्हणाले का आमच्याबद्दल?

बाई : तुमचीच विचारपूस चालली होती. अगं, तूच सांग ना आईला, मी काय बोलले ते. तेवढाच आजचा सराव.

मुलगी : मी सांगू?

बाई : सांग की. कळलं असेल तेवढं सांग, मी काही हसणार नाही.

मुलगी : आई, बाई म्हणाल्या, ती आलीये. भोळसट बाई आहे, पाच मिनिटांत सही करेल.

बाई : काय?

मुलगी : म्हणाल्या, पोरगी काठावर पास होईलही, पण एकीसाठी शाळेचे शंभर टक्के कशाला टांगणीला लावायचे? आणि म्हणाल्या, हिच्यासारख्या आणखी चौघींच्या आयांना उद्या बोलावलंय.

आई : बाई? हे... खरं?

बाई : अगं बाई! पाहिलंत ना? मी बोलले काय, हिनं ऐकलं काय! मी म्हटलं, आई साधी, सरळ आहे, लेकीच्या भल्यासाठी काम टाकून धावत आली. मी म्हटलं, पोर अगदी काठावर उभी आहे, धक्का नको द्यायला.

मुलगी : खोटं आहे हे! आई, मला कळतं. मी रोज ऐकते बाईंचं इंग्रजी.

बाई : हेच, हेच दुखणं आहे हिचं. एक शब्द कळतो, चार मनचे जोडते. उताऱ्यात तेच, उत्तरात तेच. आणि वर खात्री केवढी! मला सांगा, इंग्रजी जास्त कुणाला येतं? मला की हिला?

आई : तुम्हालाच की, बाई.

मुलगी : आई, माझ्याकडे बघ. तुझी शप्पथ.

आई : गप्प बस! ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांच्यावरच आळ घेतेस? आईला भोळसट म्हणताना जीभ कशी रेटली तुझी? बाई, चुकलं पोरीचं, पोटात घाला. कुठं करू सही?

बाई : इथं. हां. असू दे, रागावू नका तिला, वयच असतं तसं. आता एवढं समोर ऑफिसात देऊन शिक्का मारून घ्या.

आई : आलेच. आणि तू तोवर बाईंची माफी माग. पाया पड.

मुलगी : बाई...

बाई : दार लोट आधी. हं, बोल.

मुलगी : मी बरोबर सांगितलं होतं.

बाई : शब्दन्शब्द, बाळ. आपल्या वर्गात दुसऱ्या कुणाला इतकं जमलं नसतं.