फळ्याला घातलेला हार

हसायचं तर हसा, पण आमच्या चोपड्याजवळच्या शाळेत टचस्क्रीनचा मोठा फळा आला, तेव्हा त्याची पूजा मीच केली. नारळ फोडला, वरून झेंडूचा हार सोडला. लगेच आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला जळगावहून आलेल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "अक्का, पहिला हात तुमचा."

मी बोट लावलं आणि फळ्याच्या अंगातच आलं! पानं आपोआप उलटतायत, रेघोट्या उमटतायत. आमचे हेडमास्तर आबा ओरडले, "हाई काय व्हयनं, अक्का?" मी झटकन हात मागे घेतला. म्हटलं, पुन्हा या फळ्याला शिवायचं नाही.

मॅडमनी मला बाजूला केलं नाही. हळूच हार तेवढा उतरवला. फळा एकदम शांत.

"तुमचं काही चुकलं नाही, अक्का. काचेवर काहीही टेकलं तरी त्याला ते बोटच वाटतं. आता लावा हात."

माझा धडा पूर्ण होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या. आज मी त्याच फळ्यावर रोज शिकवते.

त्या निघाल्या त्या दिवशी मी पुन्हा हार घेऊन आले. मॅडम धावतच फळ्यासमोर आडव्या आल्या, "अक्का, फळ्याला नको!"

म्हटलं, "फळ्याला कोण घालतंय? मान खाली करा."