राहून गेलेला आहेर

आजच्या या देखण्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या पंचक्रोशीचे आधारवड माननीय धाऊशेठ. वेळात वेळ काढून ठाण्याहून आलेले प्रमुख पाहुणे साहेब. ज्यांच्या रसाळ वाणीनं सभागृह भारावलंय ते सूत्रसंचालक साईनाथ सर. समोर बसलेल्या माता-भगिनी. मुरबाडहून जीपला लटकून आलेली तरुण मंडळी. आणि गळ्यातल्या हारानं ज्याची मान खाजतेय तो आपला सत्कारमूर्ती रत्नदीप. सर्वांना सापगावच्या महिपत माईकवाल्याचा नमस्कार आणि जयभीम.

मला भाषण करायची सवय नाही, ऐकायची आहे. या तालुक्यातले किती सत्कार नि किती निरोप माझ्या कर्ण्यातून तुमच्या कानात गेले, त्याला गणती नाही. आज समिती म्हणाली, "महिपतशेठ, तुम्हीपण दोन शब्द बोला." दोनच बोलणार होतो. पण मघाशी सरांनी रत्नदीपचा परिचय करून दिला आणि माझं डोकं फिरलं.

सर म्हणाले, पाश्चात्त्यांचं हिप हॉप यानं ग्रामीण भागात आणलं. आणलं? कुठून आणलं सर? कुठल्या विमानानं? अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नसराईत हा पोरगा माझ्या माईकवर आहेर पुकारायचा. मांडवात कोणी काय आणलं ते माईकवरून सांगायची आपली पद्धत. दुसरा माणूस ते काम रडत-खडत करतो. हा नाव, गाव, नातं आणि भांडं एका दमात, ठेक्यात सांगायचा. "मुरबाडची मावशी, आणली परात खाशी! शेणव्याचा मामा, हंडा येईल कामा!" पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून ऐकत बसायची. त्याचं रॅप तिथं तयार झालंय, आपल्याच हंड्या-पराती मोजताना. हे परिचयात कुठंय?

मग त्यानं माझ्या दोन कॅसेटच्या टेपवर उद्योग सुरू केला. इकडे कुठल्यातरी गाण्यातला नुसता ठेका लावायचा, वर आपले शब्द बोलायचे, तिकडे भरून घ्यायचं. याला मिक्सटेप म्हणतात, हे त्यालाही पुढं कळलं. आम्ही 'रत्नाची कॅसेट' म्हणायचो. कव्हरवर तो पेनानं 'आहेर' असं लिहायचा आणि फुकट वाटायचा. मी म्हटलं, "अरे, काहीतरी घे की." तर म्हणतो, "आहेर इकत नाय काका. आहेर देतात."

जीपवाल्यांनी ती कॅसेट वाजवून वाजवून झिजवली. हळदीला पोरं मागायला लागली. पुढं सीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात पोरं ती कार्डात भरून घ्यायला लागली. ना पोस्टर, ना कंपनी, ना कुणाची शिफारस. शेवटी मुंबईहून एक कंपनीवाला गाडी घेऊन आला. म्हणाला, आवाज एक नंबर आहे, पण भाषा बदल आणि नाव बदल, रत्नदीप चालणार नाही. हा म्हणाला, "आमच्या घरात नावं लय इचार करून ठेवतात सायेब. तुमी चहा घ्या." चहा पिऊन गाडी परत गेली. आज पुण्या-दिल्लीला पोरं त्याला त्याच नावानं बोलावतात. तेव्हा कुठं आपल्याला कळलं की हा आपल्या मातीतला हिरा आहे. एवढी वर्षं काय तो खडा होता?

आता खरं बोलतो. अध्यक्षमहाराज, आपण हसताय, म्हणजे आपल्यालाही आठवतंय.

दोन हजार तीनचा मे महिना. आपल्या पुतणीचं लग्न. आहेर पुकारता पुकारता रत्नदीपनं मध्येच चार ओळी घातल्या:

"डोंगर आमचा, धरान आमचं, पानी कुनाच्या बापाचं?
टँकर येतो, वळतो कुठं? नाव घ्या त्या पापाचं!"

तेव्हा टँकर गावात यायचा आणि कुणाच्या वाड्यावर वळायचा, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. धाऊशेठ, आपण ओरडलात, "आहेर पुकाराय आनलाय तुला, अक्कल शिकवाय नाय!" मी उठेपर्यंत माईकची वायर उपटून आपल्या हातात होती.

गाणं तुटलं, त्याचं एक वेळ सोडा. पण त्यानंतरचा आहेर त्याच्या आईचा होता. या समोर बसल्यात त्या जानकीबाई. शेठ, आपल्याच शेतावर भाताच्या आवणीला जायच्या, म्हणून मानानं पितळेची कळशी घेऊन आल्या होत्या. माईक बंद, मग कळशी पुकारणार कोण? "माजी कलशी राह्यली रे रत्ना," एवढंच त्या बोलल्या. आणि जानकीबाई लग्नाला हात हलवत आली, असं वर्षभर पाणवठ्यावर बोललं गेलं. ती कळशी आपल्या घरात पाणी भरत होती, शेठ. टँकरचंच. एकदा तरी कुणाला सांगितलंत, ही कुणी दिली ते?

बरं, झालं ते झालं, असं मीही म्हटलं असतं. पण काल समितीचा निरोप आला रत्नदीपला: "गाणं म्हण, पण टँकरचं नको. पाहुणे येणारेत. देशभक्तीचं काहीतरी म्हण." म्हणजे शाल द्यायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा आणि तोंड तेवढं दाबायचं! चीड येते मला. तेव्हा उघड वायर उपटली, ते तरी बरं होतं. हार घालून गळा आवळायची ही कुठली पद्धत? आणि साहेब, तुम्ही पाहुणे. तुम्हालाही ऐकू द्या की, यंदाही टँकर कुठं वळतो ते. रत्नदीपनं तो निरोप माझ्या कानावर घातला. मला फक्त एवढंच विचारलं, "काका, आई पुढं बसनार हाय का?"

असो. समितीनं बोलायला उभं केलं, आपण उन्हातान्हाचं येऊन ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. माईकवाल्याच्या तोंडून मानपानात कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. गाण्यात जे येईल, त्याची माफी मात्र मी मागत नाही.

रत्नदीप, ये. अख्खं गाणं म्हण. मशीन माझं आहे, जनरेटर माझा आहे, आणि जनरेटरपाशी माझी बायको जिवली बसलीय. ज्याला वायरीला हात लावायचा असेल, त्यानं आधी तिला विचारावं.

पण थांब. गाण्याच्या आधी तो आहेर पुकार. नाव, गाव, नातं आणि भांडं, पूर्वीसारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जानकीबाई, तुम्ही जरा उभ्या राहा.