हिरामणचा फोटो

कर्जत स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये आम्ही चौघे होतो : मी, मुकुंदा धरून कॉलेजातले दोन मित्र आणि चौक गावच्या सोनाबाई. लढाईचं चौथं वर्ष होतं. मित्रांकडे मासिकांतून कापलेले चौदा फोटो होते. वैमानिकासमोरची घड्याळं बघून ते विमानं ओळखत होते. सोनाबाईंनी पंधरावा फोटो पुढे केला : त्यांचा मुलगा विमानातल्या तशाच घड्याळांसमोर बसलेला.

“माझा हिरामण हाय. जमिनीवरच विमानं दुरुस्त करतो, असं लिवतो. खरं हाय का रं?”

“मुकुंदा, वेग वाढवायचे दांडे बघ, दोनच. म्हणजे दोन इंजिनं!”

“डकोटा! लाव पैज.”

“नाव नगं मला. उभं हाय का उडतंय? वर जानार नाय म्हनून त्यानं माझी शप्पत घेतलीय.”

“उभंच असणार, मावशी,” मी म्हणालो.

“पण खिडकीबाहेर सगळं पांढरं दिसतंय,” मुकुंदा म्हणाला.

“चुन्याची भिंत असंल. मुकुंदा, काय शोधतुयास रं?”

“उंची दाखवणारं घड्याळ शोधतोय, मावशी.”

“मंग वाच की.”

“राहू दे ना.”

“वाच, बाळा. तुला माझी आन हाय.”

मुकुंदानं माझ्याकडून भिंग घेतलं आणि दोनदा वाचलं. काटा आठ हजार दोनशे फुटांवर होता.