दोन विहिरींना एकच डबा

माझे नाव विजयमाला जगदेव काळबांडे, वय ६३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त परिचारिका, शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटात मॅट्रिकपर्यंत, राहणार पिंपळशेंडा, मेडशीच्या बाजूला, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. आज दिनांक १५ मे १९७५ रोजी मला कुणी बोलावलेले नसताना मी आपण होऊन ठाण्यात हजर राहिले व समक्ष सांगते की,

आमच्या ग्रामपंचायतीचा नोकर सोमला, वय अंदाजे चाळीस, यास वस्तीच्या विहिरीत विष टाकल्याच्या संशयावरून मंगळवारपासून कोठडीत ठेवले आहे. त्याने विष टाकलेले नाही. जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी माझ्याही पहिल्या वाक्यात 'विष टाकले त्या दिवशी' असे लिहिले होते. मी ते खोडायला लावून 'पावडर' असे लिहून घेतले. खोडल्या जागी माझी सही आहे.

शेजारच्या गावात हगवणीची साथ आल्यामुळे विहिरींत टाकण्याची पावडर पंचायतीला मिळाली. ती पाणी शुद्ध करण्याची असते. गावात दोन विहिरी आहेत. गावची विहीर वीस फूट रुंद असून तिच्यात आज बारा फूट पाणी आहे. वस्तीची विहीर बौद्ध मंडळींनी सत्तावन्न साली स्वतः खोदली. ती आठ फूट रुंद असून तिच्यात तीन फूट पाणी उरले आहे. मी दोन्ही विहिरी दोराला दगड बांधून मापल्या आहेत. गावच्या विहिरीत एक लाख लिटरच्या वर पाणी भरते, वस्तीच्या विहिरीत सुमारे चार हजार.

हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर लागते. हा हिशेब मी मार्च महिन्यात कागदावर लिहून सरपंच माणिकराव यांच्या हातात दिला होता. त्यांनी त्या कागदात सुपारी गुंडाळलेली मी पाहिली.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास पंचायतीसमोर सरपंचांनी सोमलाला चहाचा एक डबा दिला व प्रत्येक विहिरीत एकेक डबा भरून टाकण्यास सांगितले. त्या डब्यात सव्वाशे ग्रॅम पावडर मावते. मी तिथेच उभी होते. विहिरी सारख्या नाहीत, हे मी बोलून दाखवले. सरपंच म्हणाले, "नर्सबाई, दोन हिरी, दोन डबे. उद्या कोनी म्हनाले नको का वस्तीले कमी देल्लं." जमलेले लोक हसले. न्याय स्वस्तात झाला म्हणून सरपंचही खूश होते.

त्या न्यायाचे माप असे. गावच्या विहिरीत हजार लिटरला सव्वा ग्रॅम पडली, म्हणजे हवी त्याच्या निम्मी. वस्तीच्या विहिरीत हजार लिटरला एकतीस ग्रॅम पडली, म्हणजे हवी त्याच्या बारा पटींहून जास्त. डबा एकच.

दुपारी वस्तीतील भागिरथा हिने पाणी भरले. पाण्याला उग्र वास होता. ती प्यायली, तिचा घसा जळाला व उलट्या झाल्या. तिच्या लहान मुलीचे डोळे लाल झाले. तिचा नवरा ग्यानबा याने विहिरीवर सोमलाला पाहिले होते. त्याने मंगळवारी सकाळी सोमलाला हाताला धरून ठाण्यात आणले. त्याला मी दोष देत नाही. त्या विहिरीत आजवर काय काय टाकले गेले, हे सर्व गावाला ठाऊक आहे व ते लिहायला या कागदावर जागा पुरणार नाही.

काल बुधवारी गावातील तीन मुलांना हगवण लागली. त्याची तक्रार कुणीही दिलेली नाही, कारण गावच्या पाण्याला वास आला नाही.

माझे आकडे ठाण्यात कुणाला समजले नाहीत, म्हणून मी मीठ मागवले. एक चमचा ठाण्याच्या माठात टाकले, एक चमचा तांब्यात टाकले. फौजदार साहेब माठातले पाणी प्यायले व काही लागत नाही म्हणाले. तांब्यातले त्यांनी खिडकीबाहेर थुंकले. ग्यानबा हजर होता, त्यानेही दोन्ही पाणी चाखले. तांब्या त्याने खाली ठेवला. मग मला म्हणाला, "ज्यानं हुकूम देल्ला त्यानं इथं येऊन म्हनावं का मीनं सांगतलं होतं. मी आत्ता तक्रार वापस घेतो. नाई तं कायले घेऊ?"

सरपंच ठाण्यातच आहेत. बाहेरच्या बाकावर बसून त्यांचा दुसरा चहा चालू आहे. पावडर अंदाजाने टाक, असे आपण सोमलाला सांगितले होते, असा जबाब त्यांनी दिल्याचे मला कळले. ते खोटे आहे. मी समोर होते.

आणखी एक गोष्ट मला कुणी विचारलेली नाही, तरी ती लिहून घ्यावी. गावच्या विहिरीचे काम उरकून सोमला वस्तीकडे जाताना माझ्या दारात थांबला. डबा हातात होता. तो म्हणाला, "बाई, वस्तीच्या हिरीत पानी लय खाली गेलं. तिच्यातबी डबाभरच टाकू का?" मला उत्तर येत होते. चमचाभर, एवढेच म्हणायचे होते. मी लोकांच्या हसण्याच्या रागात होते. मी म्हणाले, "ज्याचा पगार खातोस त्याला विचार," आणि दार लावून घेतले.

सोमला दोन दिवस कोठडीत आहे. तो माझ्याकडे आला होता, हे त्याने अद्याप कुणालाही सांगितलेले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा भाग वगळू का, असे त्यांनी विचारले. वगळू नये असे मी सांगितले. सर्व मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.

सही
वि. ज. काळबांडे