एकुलतं एक गाजर

...आणि वर मला म्हणते, विसर! अहो, विसर म्हटलं म्हणून कुणी विसरतं का? तुम्हाला सांगतो, विसरण्यात मी काही कच्चा नाही. आईने सांगितलेला साबण विसरतो, पेपरात उत्तरं विसरतो, सायकल तर एकदा क्लबसमोरच विसरून चालत घरी गेलो आणि चोरीला गेली म्हणून गल्लीभर बोंब मारली! पण गाजर? गाजर नाही हो विसरता येत!

थांबा, नीट सांगतो. आमचा युवक क्लब. मी तिथे जायचो टेबल टेनिस खेळायला, तर टेबलाचा पाय मोडला, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली जी ताई आहे, वयाने फार मोठी नाही पण आवाज असा की झाडावरचे कावळे उडतात, ती म्हणाली, "टेबल दुरुस्त होईपर्यंत मागच्या रिकाम्या जागेत भाजी लावू या!" टेबल अजून तीन पायांवरच आहे, ते सोडा. प्रत्येकाला एकेक वाफा दिला, माझ्या वाट्याला आली गाजरं. बी इतकं बारीक की मी शिंकलो आणि निम्मं शेजारच्या वाफ्यात! म्हटलं, "ताई, आता काय करायचं?" तर म्हणे, "पाणी घालायचं, तण काढायचं. बाकी, लावायचं आणि विसरायचं!"

घरी सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर वर-खाली करून दमून आले होते, चपला काढता काढता म्हणाले, "गिटार झाली, कराटे झालं, पोहायला गेलास ते पाय बुडवून आलास! तुझ्या हातून एक गोष्ट पूर्ण झालेली दाखव मला. एक!" लागलं हो मला. असं आत कुठेतरी लागलं. म्हटलं दाखवतोच, गाजर दाखवतो!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बोट घालून माती उकरली. काही नाही! संध्याकाळी उकरली. काही नाही! आता मला सांगा, आत काही चाललंय की नाही हे माणसाला कळायला नको? शेवटी हिरवं काहीतरी आलं वर, मी नाचलो, मग वाटलं, वरचं ठीक आहे, पण खाली काय? एकच उपटून बघू. बघितलं, तर खाली दोरा! नुसता पांढरा दोरा! परत खोचला जागेवर, तर त्याने दुपारपर्यंत मान टाकली. मग म्हटलं, हे कमजोर असेल, शेजारचं बघू... असं करत करत, काय सांगू, ओळच्या ओळ साफ!

आणि शेजारच्या वाफ्याचा मालक कोण? अजगर! म्हणजे माझा मित्रच, पण हलत नाही म्हणून अजगर. तो नळाची तोटी सोडतो, भिंतीला टेकून झोपतो, आणि त्याची गाजरं ही अशी! मी विचारलं, "काय करतोस रे?" तर डोळे न उघडता, "कशाचं?" अहो, त्याने लावलंय काय हेच त्याला आठवत नव्हतं!

मग ताईने पकडलं. "कोण उकरतंय हे?"

"उंदीर असेल, ताई."

"उंदीर बूट घालतो?"

खाली बघितलं, तर माझ्याच बुटांचे ठसे! ताई म्हणाली, "एकच रोप राहिलंय तुझं. काढणीच्या रविवारपर्यंत ते जागेवर राहिलं तर वाफा तुझा, नाहीतर दुसऱ्याला. आता काय करायचं?"

"लावायचं आणि विसरायचं."

आणि तुम्हाला सांगतो, थांबलो! खरंच थांबलो! हात शिवशिवायचे, खिशात कोंबायचो, वाफ्याभोवती फेऱ्या मारून मारून पायवाट पाडली, झोपेत आईच्या वेणीला हिसका दिला... पण गाजराला हात नाही लावला! बाबांना सांगितलं, रविवारी या, तुमच्यासमोर उपटतो.

तर हे शुक्रवारीच हजर! कामावरून थेट, हाताला ग्रीस तसंच.

"हेच का ते?"

"हेच."

"केवढं असेल?"

"रविवारी कळेल."

"तरी अंदाजे?"

"बाबा, लावायचं आणि विसरायचं!"

"हो हो, बरोबर आहे तुझं." एक फेरी मारली. दुसरी मारली. माझ्याच पायवाटेवरून हो! "नाही, म्हणजे उपटायचं नाही, पण माती जरा बाजूला सारून..."

"बाबा!"

"बरं बाबा, राहिलं!"

मी झारी भरायला नळावर गेलो. किती वेळ लागतो झारी भरायला? परत आलो तर बाबा गुडघ्यांवर, आणि गाजर परत भोकात पिळून बसवतायत! "थोडं फिरवलं ना, की बसेल घट्ट." अहो, ते काय नटबोल्ट आहे? झारी तिथेच सुटली हातातून, चिखलात बसकण मारली मी. ओरडायचं होतं, पण बाबांचा चेहरा असा झाला होता, शाळेत काच फोडलेल्या पोराचा होतो ना, तसा! कसं ओरडणार?

तेही बसले शेजारी. करंगळीएवढं गाजर. रुमालाने पुसलं, मोडलं, अर्धं मला दिलं. मातीसकट खाल्लं आम्ही. गोड होतं हो... खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

वाफा गेला. ताईने तो अजगराला दिला, त्याला अजून पत्ता नाही. आणि घरी आल्यावर बाबा आईला काय म्हणाले? "शेवटी पूर्ण केलंच हं पोराने!" काय पूर्ण केलं? जन्मात पहिल्यांदा मी थांबत होतो, फक्त थांबत होतो... दोन दिवस राहिले होते हो, तेवढंही पूर्ण करू दिलं नाही या माणसाने!