बाटली भरली कशी?

बायको: डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस का? की तेव्हाही गच्चीवरच होतास?

नवरा: ऐकलं. उन्हाने चक्कर आली आबांना.

बायको: उन्हाने नाही. अंगात पाणीच उरलं नाही म्हणाल्या. ओठ बघ जरा तुझ्या वडिलांचे. आणि मी रोज सकाळी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते! जातं कुठे ते पाणी?

आबा: पितो गं मी. म्हातारं शरीर, टिकत नाही.

नवरा: हे बघ, उठून बसलेत, बोलतायत. आता माझंही ऐक. आज पुन्हा बाटली गळ्यापर्यंत भरली.

बायको: झालं सुरू तुझं पेटीपुराण!

नवरा: अगं, हवेतून काढलंय हे! रात्री पेटीतला क्षार हवेतली ओल शोषतो, दिवसा उन्हाने ती सुटते, काचेवर जमते आणि बाटलीत ठिबकते. वर्षभर वाटीच्या पुढे सरकत नव्हतं. आता रोज बाटली! उद्या पाणीखात्याचे साहेब बघायला येतायत. त्यांना पटलं तर गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पेटी बसेल.

बायको: वर्षभर हेच ऐकतेय. टँकरच्या रांगेत मी, तिथली भांडणं माझी, आणि तू वर हवेशी गप्पा मारत बसतोस.

नवरा: घे, घोटभर पिऊन बघ. मग बोल.

बायको: दे इकडे... हे हवेतलं?

नवरा: का?

बायको: मचूळ आहे. टँकरचं लागतं ना, अगदी तसंच.

नवरा: काहीतरीच. हवेतल्या पाण्याला चवच नसते. आण बघू.

बायको: बघ की.

नवरा: ...तू ओतलंस यात?

बायको: मी? हंडे वर आणताना खांदा निखळायची वेळ येते माझी, आणि ते तुझ्या पेटीच्या घशात घालू? डोकं ठिकाणावर आहे ना?

नवरा: मग कोणी ओतलं? गच्चीवर तिसरं जातं कोण?

आबा: तिच्यावर ओरडू नकोस. मी जातो.

(बायको उशाजवळचा रिकामा तांब्या उचलते.)

बायको: आबा... तांब्यातलं?

आबा: दुपारी तुमचा डोळा लागला की. जिना चढायला जरा वेळ लागायचा, एवढंच.

बायको: स्वतःच्या तोंडचं पाणी काढून ओतलंत?

नवरा: पण का, आबा? क्षार बदलला म्हणून वाढलं, काच तिरकी केली म्हणून वाढलं, असं गावभर सांगत सुटलो मी! सगळं खोटं?

आबा: रिकामी बाटली घेऊन पायरीवर बसला होतास. बघवलं नाही, म्हणून ओतलं थोडं. संध्याकाळी तू शीळ घालत जिना उतरलास. मग थांबवेना.

नवरा: शीळ! आज तुम्ही गेला असता आबा, माझ्या शिळेपायी!

बायको: आता कोणाला फोन लावतोयस?

नवरा: हॅलो, साहेब? उद्याचं सांगायचं होतं. बाटली नाही, वाटीभरच निघतं... हो, मोजण्यात चूक झाली... नाही, दुसऱ्या कोणाची नाही, माझीच... बरं. ठेवतो.

बायको: काय म्हणाले?

नवरा: वाटीभर पाण्यासाठी गाडी काढत नाही म्हणाले.

आबा: मोडणार का रे आता पेटी?

नवरा: माहीत नाही. आत्ता तिच्याकडे बघवतही नाही.

बायको: मोडू नकोस. वाटीभर तर वाटीभर, ते तरी खरं आहे. आणि आबा, तुम्ही आता जिन्याकडे फिरकायचंसुद्धा नाही.

आबा: बरं बाई... रागावलास का रे?

नवरा: हो. खूप. जरा सरका, मला बसू द्या.