आयुष्य बदलणारा शिक्षक

तुम्ही खुशाल हसा, पण मी सत्तरीत इंग्रजीची परीक्षा देणार आहे. सोसायटीतल्या मुलांना मी हौसेनं इंग्रजी शिकवते, तर परवा एक आई विचारते, "काकू, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?" म्हटलं, थांब, आणूनच दाखवते.

लावला ऑनलाइन क्लास. सरांनी सरावाला विषय दिला: तुमचं आयुष्य बदलणाऱ्या शिक्षकाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला. मी एका वाक्यात संपवलं, "मला शिक्षक नव्हता, माझी मीच शिकले."

"आजी, असं नाही चालत. एखादा शिक्षक बनवून सांगा. परीक्षक थोडेच तपासायला येतात?"

माझं डोकंच सणकलं. बुधवार पेठेतून जुना शब्दकोश आणून, पोळ्या लाटताना एकेक शब्द पाठ केला मी, आणि श्रेय द्यायचं कुणा काल्पनिक सरांना? हे सगळं त्यांना इंग्रजीतच सुनावलं. दम घ्यायला थांबले, तर स्क्रीनवर सर टाळ्या वाजवतायत.

"आजी, दोन मिनिटं पुरी झाली! परीक्षेतही असंच बोला. शिक्षक म्हणून हवं तर माझं नाव घाला."

"घालते की," मी म्हटलं. "खोटं बोलायला कुणी शिकवलं, असा विषय आला की पहिलं तुमचंच घालते."